शून्य कॅलरीच्या कॅनचा हिशेब

त्या सकाळी अंडं फोडायच्या आधी तव्यावर कुकिंग स्प्रेचं बटण दाबलं आणि नुसता फुस्स आवाज आला. कॅन संपला होता. त्यावर निव्वळ वजन छापलेलं होतं १७० ग्रॅम. बावीस दिवसांपूर्वी तो मीच उघडला होता, आणि घरात स्प्रे वापरणारा मी एकटाच.

मी पेशाने हिशेबनीस. खाण्याची नोंदही त्याच शिस्तीत ठेवतो, म्हणजे पावाचा तुकडासुद्धा काट्यावर ठेवल्याशिवाय तोंडात जात नाही. बावीस दिवसांच्या नोंदी उघडून बघितल्या. दिवसातून तीनदा, अगदी न चुकता, लिहिलं होतं : कुकिंग स्प्रे, ० कॅलरी. कारण कॅनवर तसंच छापलेलं होतं. गोदामातून १७० ग्रॅम माल बाहेर गेला आणि पुस्तकात एक ग्रॅमही खर्ची पडला नाही, असे कागद एखाद्या कारकुनाने माझ्यापुढे आणले असते, तर मी त्याला संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून उठू दिलं नसतं. इथे कारकूनही मीच होतो.

ढोबळ आकडा काढायला मिनिट लागलं नाही. एक ग्रॅम चरबी म्हणजे ९ कॅलरी, आणि तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी. १७० गुणिले ९, म्हणजे १,५३०. कॅनमध्ये तेलाबरोबर वायूही असतो, तेव्हा त्यासाठी पाचवा हिस्सा उदारपणे सोडून दिला. तरी १३६ ग्रॅम तेल, म्हणजे १,२२४ कॅलरी. भागिले २२. रोज ५५ च्या वर. फार नाही. पण शून्यही नाही, आणि मी ज्या तुटीवर वजन कमी करायला बघत होतो ती रोजची २५० ची होती. तिच्यातला पाचव्याहून जास्त भाग फुस्स करून उडून जात होता.

(कॅलरी म्हणताना मी आपण सगळे बोलतो त्याच अर्थाने म्हणतोय. शास्त्राच्या भाषेत ती किलोकॅलरी. लेबलावर किलोज्यूल दिलं असेल तर चरबीच्या ग्रॅमला ३७ धरायचे.)

शून्य आलं कुठून

लेबल खोटं नव्हतं, हे आधी सांगतो. ही गंमत राउंड ऑफची आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांनुसार एका सर्व्हिंगमध्ये, म्हणजे लेबलाने धरलेल्या एका वेळच्या प्रमाणात, ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर लेबलावर शून्य लिहिता येतं. चरबी अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तीही शून्य. आता फवारायच्या तेलासाठी सर्व्हिंग किती धरायची? त्याच नियमांत प्रमाण दिलेलं आहे, ०.२५ ग्रॅम. पाव ग्रॅम तेल म्हणजे सव्वादोन कॅलरी. पाचाच्या आत. झालं शून्य.

म्हणजे माझ्या १७० ग्रॅमच्या कॅनमध्ये कागदोपत्री ६८० सर्व्हिंग होत्या, प्रत्येक शून्याची. ६८० शून्यांची बेरीज शून्यच येते, आणि कॅन मात्र रिकामा होतो. आमच्या धंद्यात ‘किरकोळ खर्च’ नावाचं एक खातं असतं. प्रत्येक पावती इतकी लहान, की वेगळी लिहायचा कंटाळा येतो. वर्षअखेरीला तेच खातं सगळ्यात जाड निघतं.

लेबलावर सर्व्हिंग सेकंदांतही लिहिलेली असते. पाव सेकंद फवारा, किंवा एक तृतीयांश सेकंद. एकदा पाव सेकंद फवारून बघा. बटणावर बोट टेकलं न टेकलं तोच उचलावं लागतं, आणि तव्यावर पडतो रुपयाएवढा ओला ठिपका. तवा झाकायला मला तीन सेकंद लागत होते. तृतीयांश सेकंदाला पाव ग्रॅम, या लेबलाच्याच हिशेबाने एक सेकंद म्हणजे पाऊण ग्रॅम, म्हणजे सातेक कॅलरी. तीन सेकंदांचे वीस. ‘शून्य’ खाणारा मी एका वेळी नऊ सर्व्हिंग घेत होतो.

काही देशांत लेबलावर दर १०० ग्रॅम किंवा १०० मिलीलिटरचा आकडा देणं सक्तीचं असतं. युरोपियन युनियनमध्ये तसं आहे. तुमच्या हातातल्या डब्यावर असा रकाना असेल तर बाकी सगळं सोडा, तोच वाचा. दर १०० चा आकडा राउंड ऑफच्या आड लपू शकत नाही.

आत नेमकं काय आहे ते आधी बघा

फवारणी म्हटलं की सगळ्या बाटल्या एकाच जातीच्या वाटतात. तशा त्या नसतात, आणि हिशेब जातीप्रमाणे बदलतो.

पहिला, दाबाखालच्या वायूचा कॅन. यात तेल असतं, थोडं लेसिथिन असतं ज्यामुळे पदार्थ चिकटत नाही, कधी फेस न येण्यासाठी काही घातलेलं असतं, आणि ढकलणारा वायू असतो. हा वायू बहुधा ब्यूटेन, आयसोब्यूटेन किंवा प्रोपेन. तो हवेत उडून जातो, पोटात जात नाही, त्याच्या कॅलरी धरायच्या नाहीत. कॅनचं वजन मात्र तेल आणि वायू दोन्हींमुळे घटतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. काही कॅनमध्ये वायू वेगळ्या कप्प्यात कोंडलेला असतो आणि बाहेर फक्त तेल येतं. अशा कॅनवर ते मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असतं, शोधावं लागत नाही.

दुसरी, पंपाची बाटली ज्यात पांढुरकं, दुधासारखं द्रव असतं. घटकांच्या यादीत तेलाच्या पाठोपाठ पाणी दिसेल, कधी अल्कोहोलही. हे शुद्ध तेल नाही. माझ्याकडे आलेल्या बाटलीवर दर १०० मिलीलिटरचा आकडा तेलाच्या आकड्याच्या साधारण निम्मा होता. याला तेलाचे ९ लावले तर तुम्ही स्वतःवरच जास्तीचा कर बसवाल. लेबलावरचा आकडा घ्या.

तिसरी, आपण घरी भरायची बाटली. आत निखळ तेल, बाहेर निखळ तेल. ग्रॅमला ९, वाद नाही. मात्र फसवणूक सगळ्यात जास्त हिच्यातच होते, कारण हिला लेबलच नसतं आणि माणूस कॅनच्या लेबलावरचं शून्य हिलाही चिकटवतो. हिचा एक दाब कॅनच्या पाव ग्रॅमच्या दोन-तीनपट सहज जातो.

तेलात पाणी मिसळून घरी ‘हलका’ स्प्रे बनवणाऱ्यांना एकच सांगणं. तेल वर तरंगतं, पंपाची नळी तळाला असते. हलवलं नाही तर पहिले काही दाब नुसतं पाणी, आणि बाटली संपत आली की नुसतं तेल. सरासरी काढायची सोयच उरत नाही. मी दोन दिवस केलं आणि सोडून दिलं.

उघडती शिल्लक, बंद शिल्लक

आता मुख्य काम. मी सेकंद मोजत नाही, दाबही मोजत नाही. वजन करतो. रीत जुनीच आहे, गोदामाची : सुरुवातीची शिल्लक वजा अखेरची शिल्लक, बरोबर खप.

कॅन किंवा बाटली काट्यावर ठेवा. टेअरचं बटण दाबा, म्हणजे आकडा शून्य होईल. बाटली उचला, हवं तेवढं फवारा, पुन्हा काट्यावर ठेवा. काटा उणे आकडा दाखवेल. उणे २.६ म्हणजे २.६ ग्रॅम गेलं. गुणिले ९, साधारण २३. वहीत लिहा. अंडं करपायच्या आत हे सगळं होतं.

काटा कोणता, हे महत्त्वाचं आहे. स्वयंपाकाचा नेहमीचा काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. त्यावर अर्धा ग्रॅम गेला तर कधी १ दिसेल, कधी ० दिसेल. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, पण भरलेला कॅन पेलेल एवढी त्याची क्षमता आहे ना ते आधी बघा. मी पहिल्यांदा घेतलेला काटा २०० ग्रॅमपर्यंतचा होता. भरलेला कॅन, पत्र्यासकट, २३१ ग्रॅमचा निघाला. काट्याने नुसती चूक दाखवणारी अक्षरं झळकवली आणि कॅनमधला जवळजवळ पाचवा हिस्सा संपेपर्यंत तो काटा मला शोभेला ठेवावा लागला.

आणखी एक खोड. ताटली काट्यावर ठेवून तिच्यावर थोडं थोडं फवारलं तर पुष्कळ स्वस्त काटे ते वजन धरतच नाहीत. कारण हे काटे शून्याजवळची बारीक, सावकाश हालचाल आपोआप पुसून टाकतात, आकडा थरथरू नये म्हणून. तुम्ही अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमने तेल वाढवत राहता आणि काटा शांतपणे ०.० दाखवत राहतो. म्हणून काट्यावर फवारू नका. बाटली उचलून, वापरून परत ठेवा, म्हणजे काट्याला एकदम मोठा बदल दिसतो आणि तो नीट वजन देतो.

तुमच्याकडे एक ग्रॅमचाच काटा असेल तरी अडत नाही. दर वेळी वजन करण्याऐवजी सकाळी एकदा करा आणि रात्री एकदा. दिवसाच्या सात-आठ ग्रॅमवर अर्ध्या ग्रॅमची चूक चालून जाते. तेही नको असेल तर आठवड्यातून एकदा, भागिले सात.

वायूचं काय?

वायूच्या कॅनचं वजन घटतं त्यात वायूही असतो, म्हणजे या रीतीने कॅलरी थोड्या जास्तच मोजल्या जातात. खर्च जास्त धरलेला बरा, या आमच्या सवयीप्रमाणे मी ते तसंच ठेवतो. पण एकदा कुतूहल म्हणून मोजून बघितलं. खिडक्या उघडल्या, सगळे बर्नर बंद केले (हे दोन्ही गमतीने लिहीत नाही, वायू ज्वलनशील असतो), खोलगट पातेल्याचं वजन केलं आणि फवारा बाहेर उडू नये म्हणून नोजल आत नेऊन कॅन दहा ग्रॅमने हलका होईपर्यंत फवारलं. दहा मिनिटं थांबून पातेलं पुन्हा काट्यावर. आठ ग्रॅमच्या आसपास भरलं. बाकीचा काही वायू, काही धुकं होऊन ओट्यावर बसलेलं. ते ओटा पुसताना कळलंच.

तुमचा कॅन वेगळा असेल, तुमचा आकडा वेगळा येईल. तो एकदा काढून ठेवलात तर पुढे कॅनच्या घटीला त्या प्रमाणाने गुणायचं. माझ्यासाठी ०.८. खरं सांगायचं तर एका वेळच्या २.६ ग्रॅमवर त्याने पाचेक कॅलरीचा फरक पडतो, आणि आठवड्याभरात मी गुणायचं सोडून दिलं.

वजन करायचंच नसेल त्यांच्यासाठी

माझ्या बायकोचं म्हणणं असं की काटा बाहेर काढेपर्यंत तिची भाजी होऊन जाते. तिला पंपाची बाटली आवडते. तिच्यासाठी आम्ही एकदाच मोजणी केली. बाटलीचं वजन, मग मोजून वीस दाब एका वाटीत, मग पुन्हा वजन. चौदा ग्रॅम कमी झालं. म्हणजे एका दाबाला ०.७ ग्रॅम, सहा कॅलरींहून थोडं जास्त. वाटीतलं तेल वाया गेलं नाही, परत बाटलीत ओतलं.

वीसच का? एका दाबाचं वजन करायला गेलात तर काट्याची चूक दाबाच्या मानाने मोठी. वीसांवर ती चूक वीस ठिकाणी वाटली जाते.

पण मोजणी ज्याची त्याने करावी. मुलीने त्याच बाटलीचे वीस दाब दिले तर नऊच ग्रॅम गेलं. ती बटण अर्धवट दाबते. म्हणजे तिचा दाब ०.४५ ग्रॅमचा आणि तिच्या आईचा ०.७ चा. बाटली एकच, आणि दोन बोटांत दीडपट फरक. तेल बदललं, नोजल अर्धवट तुंबलं, किंवा थंडीत तेल घट्ट झालं की आकडा पुन्हा सरकतो. वायूच्या काही कॅनमध्येही कॅन संपत आला की जोर कमी होतो आणि तेवढ्याच सेकंदांत कमी तेल येतं. सेकंद मोजण्यावर माझा विश्वास नाही तो याचमुळे. घाईत असलेल्या माणसाचा ‘एक, दोन, तीन’ किती सेकंदांचा असतो ते त्यालाही माहीत नसतं.

दुधाळ बाटलीची मोजणीही केली. वीस दाबांना चार ग्रॅम, म्हणजे एका दाबाला ०.२ ग्रॅम आणि साधारण एक कॅलरी. लेबलावरही दर दाबाला एक कॅलरी लिहिलेली होती. इथे लेबल पैला पै खरं निघालं. अडचण एवढीच, की लेबलावरच्या चित्रात पाच दाब होते आणि माझा तवा चौदाव्या दाबाला ओला झाला.

नोंद कशी करायची

नोंदीच्या अॅपमध्ये ‘कुकिंग स्प्रे’ शोधलंत तर शून्याच्या नोंदींची रांग येईल, कारण लोकांनी त्या लेबलावरून उतरवलेल्या असतात. त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. ‘तेल’ शोधा, एकक ग्रॅम निवडा आणि २.६ टाका. कोणतं तेल याने फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. सूर्यफूल असो, ऑलिव्ह असो, कनोला असो, १०० ग्रॅमला ८८४ ते ९०० च्या दरम्यानच आकडा येतो.

ग्रॅम आणि मिलीलिटर यांची गल्लत मात्र करू नका. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक मिलीलिटर म्हणजे ०.९२ ग्रॅमच्या आसपास. म्हणून मिलीलिटरला ८ आणि ग्रॅमला ९ हे माझं तोंडपाठ गणित.

दुधाळ स्प्रेसाठी स्वतःची नोंद बनवा, दर १०० चा आकडा लेबलावरून घेऊन. एकदाच करायचं काम आहे.

तव्यात उरलं त्याचं काय, उडून गेलं त्याचं काय

मला यावर सगळ्यात जास्त वेळा हटकलं जातं. ‘अहो, पण सगळं तेल पोटात जातं कुठे? अर्धं तव्यावरच राहतं.’ बरोबर आहे, काही राहतं. किती, ते बघायला मी अंडं काढून घेतल्यावर कोरा टिश्यू काट्यावर ठेवला, २.१ ग्रॅम. त्याने तवा चोळून पुसला. पुन्हा काट्यावर, २.५. म्हणजे ०.४ ग्रॅम उरलं होतं, चार कॅलरीही नाहीत. २.६ ग्रॅममधून ०.४ वजा करण्यासाठी रोज एक टिश्यू खर्च करावा, इतका मी हिशेबी नाही. सगळं पोटात गेलं असं धरा.

तेल ‘जळून जातं’ ही समजूतही तितकीच पक्की. तवा तापला, धूर आला, म्हणजे कॅलरी गेल्या. नेहमीच्या तापमानाला तेल पाण्यासारखं उडून जात नाही. धूर दिसायला मोठा असतो, वजनाला नगण्य. आणि धूर येईपर्यंत तेल तापवलं असेल तर कॅलरीपेक्षा चव हा मोठा प्रश्न आहे.

उलट बाजूचीही एक चूक करू नका. शिजलेल्या भाजीचं वजन करून त्यातून कच्च्या भाजीचं वजन वजा केलं की तेल मिळेल, असं एकाने मला सुचवलं होतं. भाजीतलं पाणी वाफ होऊन जातं, दहा-वीस ग्रॅम सहज. तेलाचे तीन ग्रॅम त्यात कुठे सापडणार? उत्तर उणे येतं. मोजायचं ते बाटलीकडून, पदार्थाकडून नाही.

एअर फ्रायरच्या टोपलीची जाळी मात्र खरंच तेल खाते, म्हणजे फवाऱ्यातला काही भाग जाळीतून खाली तळाला जातो. म्हणून आधी बटाट्याच्या फोडी एका वाडग्यात घ्याव्यात, त्यातच फवारावं, हाताने घोळवावं आणि मग टोपलीत टाकावं. तेल कमी लागतं आणि जे लागतं ते फोडींवरच बसतं. मध्ये टोपली हलवताना आपण पुन्हा एकदा फवारतो तेही मोजा. मी महिनाभर ते विसरत होतो. ३०० ग्रॅम फोडींना दोन्ही वेळचं मिळून ४.२ ग्रॅम लागलं, ३८ कॅलरी. तेच मी पूर्वी एक टेबलस्पून तेल ओतायचो. प्रमाणित टेबलस्पून तेल म्हणजे साडेतेरा ग्रॅम आणि १२० कॅलरी, आणि ओतणाऱ्याचा हात बहुधा चमच्याच्या काठाबाहेरच जातो. शून्याचा दावा उडवला तरी ८२ कॅलरींची बचत उरतेच. स्प्रेवर माझा राग नाही. त्याच्या नावाने लिहिलेल्या शून्यावर आहे.

चार जणांसाठी शिजवलं तर एकूण ग्रॅम लिहून ताटात आलेल्या वाट्याने भागा. वाटे समान नसतील तर शिजलेल्या पदार्थाचं एकूण वजन आणि आपल्या ताटातलं वजन, त्या प्रमाणात.

कुठे सोडून द्यायचं

एखाद्या दिवशी टोस्टवर एकदाच हलकं फवारलं, अर्धा ग्रॅम गेलं, चार-पाच कॅलरी. मी लिहीत नाही. लेबलांवरचे बाकीचे आकडेही काही तिजोरीतल्या नोटांसारखे मोजलेले नसतात. अमेरिकेच्या नियमांत छापलेल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी निघाल्या तरी लेबल चुकीचं धरत नाहीत. ५०० लिहिलेल्या पाकिटात ६०० असू शकतात. तिथे टोस्टवरच्या चार कॅलरींसाठी काटा काढणं म्हणजे पावती फाडायच्या कागदाचाही खर्च न निघणं.

माझा नियम असा : एकदाच फवारलं तर सोडा, रोज फवारत असाल तर धरा. आणि ज्याला काटा बघूनच धडधडायला लागतं, घास उचलायच्या आधी आकडा आठवतो, त्याने हे काही करू नये. माझ्या थोरल्या बहिणीचं तसं होऊ लागलं, तेव्हा तिने नोंदी थांबवल्या आणि डॉक्टरांशी बोलून घेतलं. मी तिला ही रीत कधी शिकवली नाही.

कंटाळा येणाऱ्यांसाठी सर्वात सोपी पद्धत अजून सांगायची राहिली, आणि मला वाटतं बहुतेकांना तीच पुरेल. कॅन उघडला की तळाला मार्करने तारीख लिहा. संपला की दिवस मोजा. निव्वळ वजन गुणिले ९, भागिले दिवस. जो आकडा येईल तो पुढच्या कॅनभर रोज डोळे झाकून नोंदवायचा. एका दिवशी थोडा जास्त, एका दिवशी थोडा कमी, महिन्याला बरोबर. रोजमेळाऐवजी मासिक ताळमेळ. घरात वापरणारे दोन-तीन असतील तर हे जमत नाही, एवढं सोडलं तर यात चुकायला जागा नाही.

जाता जाता हाताळणीचं थोडं. वायूचा कॅन पेटलेल्या बर्नरवर फवारू नका. तवा थंड असताना, शेगडीपासून बाजूला धरून फवारा, मग चढवा. कॅन शेगडीशेजारी ठेवायचा नाही. नॉनस्टिक भांड्यावर लेसिथिनचा चिकट, पिवळसर थर बसतो आणि तो घासून निघत नाही. माझा एक चांगला तवा त्यात गेला. नॉनस्टिकला म्हणून आता मी वाटीत तेल आणि ब्रश ठेवतो. मोजायची रीत तीच : वाटी ब्रशसकट काट्यावर, टेअर, ब्रशने तव्याला तेल लावायचं, वाटी आणि ब्रश परत काट्यावर. ब्रशमध्ये शोषलेलं तेल ब्रशबरोबरच मोजलं जातं, म्हणून तो बाहेर ठेवू नका.

सध्याच्या कॅनचा हिशेब असा आहे. उघडताना २३१ ग्रॅम, आज बाराव्या दिवशी १८७. खप ४४ ग्रॅम, रोजचा साडेतीन ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहून कमी. वजन करायला लागल्यापासून बोट आपोआप लवकर उचललं जातं. वहीतल्या बारा दिवसांच्या नोंदींची बेरीज मात्र ४२.५ भरली. दीड ग्रॅमचा ताळा लागेना. दोन वेळा नोंदी तपासल्या, काटा तपासला. शेवटी जेवताना विषय काढला, तेव्हा मुलीने सांगितलं की तिच्या खोलीच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती. ती रक्कम मी दाराच्या नावे टाकली.